अकरा लाल खुणा

फिलाडेल्फिया,
९ ऑक्टोबर १९०४

प्रिय बंधू एनॉक,

जेबेझला जाऊन अडीच वर्षं झाली, आणि त्याच्या कपाटाचा खालचा खण मी परवा पहिल्यांदा उघडला. त्यात तीन पायमोजे निघाले (एकाचाही जोडीदार नाही), बँजोच्या सात सुट्या घोड्या, तारा टेकतात त्या, निघाल्या, आणि सोबत पाठवते आहे ती चार पानं. अक्षर त्याचंच. डोक्यावर लिहिलंय, ‘टॉडमॉर्डनचा ठेका: पहिला बँजो’. त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात, ‘एनॉकसाठी’.

हा ठेका आम्ही दोघांनी मिळून शेकडो वेळा वाजवला. पण पहिला बँजो त्याचा आणि दुसरा माझा, त्यामुळे त्याची पानं माझ्यासमोर कधी आलीच नाहीत. तुमचं नाव त्यावर आहे हे मला परवा कळलं. तेव्हा ती पानं तुमची. दुसऱ्या बँजोची मी ठेवून घेतली आहेत.

आता मुद्द्याचं. येत्या जूनमध्ये मी बोटीने तिकडे येते आहे. नवऱ्याचं, तुम्हा दोघा भावांचं, गाव एकदा बघायचंय, ही ओढ आहेच. पण खरं सांगू? मला तो पहिला भाग पुन्हा ऐकायचाय. जगात तो वाजवणारा एकच माणूस होता. दुसरा तयार होईल तर तो तुम्हीच. जेबेझचा जुना बँजो मी पाठवल्यापासून तुम्ही पुस्तकावरून शिकताय, आणि गेल्या नाताळच्या तुमच्या पत्रात दोन ओळी खुशालीच्या आणि तीन पानं घोडी कुठे बसवावी याची होती, त्यावरून हात बसला असणार असं धरते.

मी रोज संध्याकाळी वाजवते. माझ्या बाजूने काळजी नको. तुमचं काय ते कळवा.

तुमची भगिनी,
कॉर्नेलिया क्रॅबट्री

*

टॉडमॉर्डन,
२८ ऑक्टोबर १९०४

भगिनी कॉर्नेलिया,

पानं पोचली. पार्सलाची दोरी दोन ठिकाणी सैल होती. पुढच्या खेपेला आडवी-उभी बांधून मध्ये गाठ मारावी.

तुम्ही ‘हात बसला असणार’ लिहिलंत. बसला आहे. मला कोणी शिकवलेलं नाही, हे मुद्दाम नमूद करतो. एक इंग्लिश पुस्तक, उजवा हात नीट दिसावा म्हणून समोर टांगलेला दाढीचा आरसा आणि दोन हिवाळे, एवढ्यावर मी उभा आहे. करंगळी बँजोच्या कातड्यावर टेकलेली, मनगट उचललेलं, नखं बोटाच्या मांसापर्यंत कापलेली, आणि उजव्या हाताचं एकच बोट लागोपाठ दोनदा कधीही नाही. या गावात बँजो वाजवणारे आणखी दोघे आहेत. दोघेही एका बोटाने तारा खरवडतात. पुस्तकाची पहिली बारा पानं तर मी अजून सुरी घालून कापलेलीसुद्धा नाहीत, छापखान्यातून आली तशी कडेला जोडलेलीच आहेत. ती प्रस्तावना आहे. प्रस्तावना ज्यांना गुरू लागतो त्यांच्यासाठी असते.

आमच्या दरीत ओल फार, त्यामुळे बँजोचं कातडं ढिलं पडतं. मी तो संध्याकाळी भट्टीपासून साडेतीन फुटांवर पंचवीस मिनिटं ठेवतो, मग लावतो. तुमच्या नवऱ्याने हे कधी केलं असेल असं वाटत नाही. घाई त्याच्या हाडात होती.

प्रार्थनागृहाचे ऑर्गनवाले ऑर्मरॉड यांना तुमचं पत्र दाखवलं. त्यांनी लगेच व्हिट सोमवारच्या सणाच्या सुटीत होणाऱ्या रविवारशाळेच्या चहाला, म्हणजे १२ जूनला, आपल्या दोघांचं वाजवणं ठरवून टाकलं. म्हणाले, “एनॉक, अमेरिकेहून बाई येणार म्हटल्यावर गर्दी एवढी होईल की हॅम कमी पडेल.” मी म्हणालो, हॅमचं तुम्ही बघा, ठेक्याचं मी बघतो.

दहा-बारा दिवसांत बसवून टाकीन.

आपला बंधू,
एनॉक क्रॅबट्री

*

फिलाडेल्फिया,
२ डिसेंबर १९०४

प्रिय बंधू एनॉक,

दहा-बारा दिवस होऊन गेले, तेव्हा ठेका बसला असेलच! कसा वाटला? जेबेझ म्हणायचा, लाकडी तळव्याचे क्लॉग घातलेल्या पाचशे बायका पहाटे गिरणीकडे निघाल्या की दगडी रस्त्यावर जो आवाज होतो, तो त्याने यात धरलाय. मी तो आवाज कधी ऐकलेला नाही. जूनमध्ये ऐकीन.

आणि पहिली ओळ! तिला डाव्या हाताचं काम जवळजवळ नाहीच. ती वाजवताना तो डाव्या हाताने चहाचा कप उचलायचा, एक घोट घ्यायचा आणि दुसऱ्या ओळीला बरोबर हजर व्हायचा. आमच्या पाहुण्यांना हा खेळ फार आवडायचा. तुम्ही करून बघितलंत की नाही?

नाताळच्या शुभेच्छा. तुमच्या पत्नी टॅबिथाबाईंनाही.

कॉर्नेलिया

*

टॉडमॉर्डन,
१४ जानेवारी १९०५

भगिनी कॉर्नेलिया,

उत्तराला उशीर झाला. थंडीत सगळ्या गावाला क्लॉगना नवे लोखंडी पट्टे ठोकून हवे असतात.

ठेका जवळजवळ बसला आहे. मात्र जेबेझच्या लिखाणाविषयी काही गोष्टी स्पष्ट लिहिणं मला भाग आहे.

एक. यात चुका आहेत. मी एकूण अकरा मोजल्या. तिसरं, सातवं, अकरावं, पंधरावं, अठरावं, बाविसावं, सव्विसावं, तिसावं, पस्तिसावं, अडतिसावं आणि चाळिसावं, या घरांत, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या जागांत, त्याने असा एक खालचा स्वर लिहिलाय जो बँजोवर अस्तित्वातच नाही. आपली जाड तार जिथे संपते त्याच्याही खाली. हे म्हणजे नसलेल्या पायासाठी क्लॉग करण्यासारखं झालं. मी प्रत्येक ठिकाणी लाल शाईने खूण करून तो स्वर एक सप्तक वर लिहून दिला आहे.

दोन. डाव्या हाताच्या बोटांचे आकडे. त्यात एक आहे, दोन आहे, चार आहे. तीन चारही पानांत कुठे नाही. लहानपणी आमच्या क्लॉगच्या दुकानात खिळे मोजायला बसवला की हा मुलगा “एक, दोन, चार” मोजायचा आणि वडिलांची चापट खायचा. बदलला नाही. त्याचे आकडे मी बाजूला ठेवले आहेत, कारण त्याप्रमाणे बोटं ठेवली तर काहीच जुळत नाही.

तीन. पहिल्या ओळीला डाव्या हाताचं काम नाही, हे तुम्ही थट्टेने लिहिलं असावं. पहिल्या ओळीतच बोटं सहा पडद्यांवर ताणावी लागतात. टॅबिथाने काल विचारलं, “एनॉक, हे वाजवणं आहे का गिरणीतला पट्टा तुटलाय?” मी सांगितलं, रचनेत दोष आहे.

वाजवणाऱ्यात नाही.

एनॉक क्रॅबट्री

*

फिलाडेल्फिया,
३० जानेवारी १९०५

बंधू एनॉक,

लाल शाई! त्याच्या अक्षरावर!

अहो, माझा नवरा बारा वर्षं बँजोच्या कारखान्यात कामाला होता. सकाळी दुसऱ्यांसाठी बँजो करायचा आणि संध्याकाळी स्वतःसाठी वाजवायचा. बँजोवर नसलेला स्वर तो लिहील? आणि अकरा वेळा? मग मी इतकी वर्षं काय ऐकत होते?

माझ्या बँजोच्या पेटीतली पानं काढून एक-एक घर तुमच्या तोंडावर मारता आलं असतं, पण आत्ता मन नाही. पण एवढं सांगते. या शहरात त्या ठेक्याला कोणी नावं ठेवली नाहीत. लोक जेबेझला पुन्हा-पुन्हा तोच वाजवायला लावायचे. आणि वाजवताना तो डाव्या हाताचं एक बोट, करंगळीशेजारचं, असं ताठ बाहेर काढून बसायचा, एखाद्या सरदारीणबाईने कप धरावा तसं. फक्त याच ठेक्याला. बाकी काही वाजवताना नाही. मी हसून मरायची. लोकही हसायचे. मी म्हणायची, “जेबेझ, हे काय सोंग?” तर म्हणायचा, “हे टॉडमॉर्डनचं वळण आहे.” असा आनंदात वाजवायचा तो, बंधू. चुका मोजत नव्हता.

कॉर्नेलिया

*

टॉडमॉर्डन,
२० फेब्रुवारी १९०५

मिसेस क्रॅबट्री,

ऑर्मरॉड यांना आपलं वाजवणं कार्यक्रमातून काढायला सांगितलं आहे. जेबेझची चार पानं पुढच्या बोटीने परत पाठवीन, दोरी नीट बांधून.

कारण लिहिणं माझ्या स्वभावात नाही, पण तुम्हाला तुमच्या नवऱ्याबद्दल माहीत असलं पाहिजे.

क्लॉगचा तळवा तासायची सुरी हातभर लांब असते. तिचं एक टोक बाकावरच्या कडीत अडकवलेलं असतं आणि दुसऱ्या टोकाची मूठ धरून ती खाली दाबायची असते. १८७५ साली मी अठरा वर्षांचा होतो आणि जेबेझ तेरा. लाकूड मी धरलं होतं, सुरी त्याच्या हातात होती. वडिलांनी त्याला तिला हात लावायची मनाई केली होती. मी म्हणालो, दाब, मी धरतो. त्याने दाबली. लाकूड फिरलं.

तेव्हापासून माझ्या डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट वाकत नाही. ताठ बाहेर असतं. कप धरतानाही.

मी त्याला कधी दोष दिला नाही. तो अमेरिकेला निघाला तेव्हाही नाही. आम्ही त्या बोटाबद्दल एकमेकांशी बोललोच नाही, आणि मी समजत होतो की न बोलणं म्हणजे आदर.

आता कळलं ते असं: माझ्यासाठी म्हणून त्याने जी रचना लिहिली, ती चार बोटं धड असलेल्या माणसालाही झेपणार नाही. चार महिने रोज दीड तास मी घासतो आहे. दुसरी ओळ ओलांडलेली नाही. ‘जवळजवळ बसला आहे’ हे खोटं लिहिलं होतं. आणि तिकडे परक्या लोकांसमोर तो माझं बोट काढून दाखवत होता आणि लोक हसत होते.

तुम्ही यावं, घर तुमचं आहे. बँजो आणू नये.

ए. क्रॅबट्री

*

फिलाडेल्फिया,
८ मार्च १९०५

एनॉक,

‘मिसेस क्रॅबट्री’ मी वाचलंच नाही असं धरते.

बोटाचं मला माहीत नव्हतं. शपथेवर सांगते. तो टॉडमॉर्डनबद्दल तासन्‌तास बोलायचा; नदी, धुकं, ओटच्या भाकऱ्या, तुमच्या वडिलांचा आवाज. सुरीबद्दल एक अक्षर नाही. तुमच्याबद्दल मात्र एक वाक्य नेहमीचं होतं: “एनॉकसारखा हात माझा कधी होणार नाही.” मला वाटायचं, क्लॉग करण्याबद्दल बोलतोय.

तुम्ही तुमचं खोटं कबूल केलंत, तर आता माझं ऐका. मी रोज संध्याकाळी वाजवत नाही. जेबेझला पुरलं त्या दिवसापासून मी पेटी उघडलेली नाही. म्हणूनच जानेवारीत नुसती चिडले आणि एका घराचाही खुलासा केला नाही, करणार कुठून? मला वाटत होतं, तुम्ही पहिला भाग वाजवायला लागलात की माझा हात आपोआप हलेल. नाहीतर नाही. एवढ्यासाठीच मी बोटीचं तिकीट काढलं होतं. आता हसा.

तुमचं पत्र वाचून झालं आणि मी उठून पेटी उघडली. पाचपैकी तीन तारा तुटल्या होत्या. आतड्याच्या तारा, जवळजवळ तीन वर्षं, तुटणारच. नव्या चढवल्या. बोटांना लगेच फोड आले. मग तुमचं जानेवारीचं पत्र शेजारी ठेवून ती अकरा घरं माझ्या पानांत शोधली.

एनॉक, त्या अकराही ठिकाणी पहिला आणि दुसरा बँजो मिळून एकच स्वर वाजवतात. गिरणीचं मोठं दार बंद होतं ना, तो आवाज आहे तो, जेबेझ म्हणायचा. आणि तो स्वर म्हणजे नुसती जाड तार. मोकळी. अंगठा मारायचा की झालं. डावा हात लागतच नाही.

पानं परत पाठवायची तर पाठवा. जेबेझवर रागवायचं तर रागवा; पण तो चिडवणाऱ्यातला नव्हता, हे त्याच्या शेजारी तेरा वर्षं झोपलेली बाई सांगते आहे. मला फक्त एका प्रश्नाचं उत्तर द्या. मोकळ्या तारेसाठी तुम्ही बोट कुठे ठेवताय?

कॉर्नेलिया

*

टॉडमॉर्डन,
२ एप्रिल १९०५

प्रिय कॉर्नेलिया,

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर मला लिहिता येणार नाही.

तुमचं पत्र २१ मार्चला, मंगळवारी दुपारी आलं. तुमचा प्रश्न वाचून मला पहिल्यांदा राग आला. मी बँजो घेतला, पानं काढली आणि तिसऱ्या घरातली लाल खूण समोर ठेवली. मनाशी म्हटलं, ठीक आहे, बाई म्हणते हा स्वर म्हणजे मोकळी जाड तार. माझ्या पुस्तकाप्रमाणे मोकळी जाड तार याच्या दोन जागा वर लिहितात. तर मग हा स्वर दोन जागा वर सरकवून वाचू. फक्त बाई किती चुकते आहे ते बघायला.

मग पुढचा स्वर दोन जागा वर वाचला. त्याच्या पुढचा. ओळीच्या सुरुवातीला असलेल्या तीन तीव्र स्वरांच्या खुणांनी मला चार महिने छळलं होतं, त्या सोडून दिल्या.

पहिली ओळ संपली तेव्हा माझ्या डाव्या हाताने एकूण दोनदा तार दाबली होती. बाकी सगळ्या मोकळ्या तारा. मी थांबलो. परत वाजवली. टॅबिथा स्वयंपाकघरातून आली, हाताला पीठ तसंच.

“हे कोण वाजवतंय?”

“मीच. दुसरं कोण आहे इथे?”

“तू नाहीस. तुला मी चार महिने ऐकतेय.”

“टॅबिथा, चहा आहे का?”

“आत्ता?”

“आत्ता. डाव्या हातात दे.”

कॉर्नेलिया, मी पहिली ओळ वाजवत डाव्या हाताने चहा प्यायलो. थोडा बँजोच्या कातड्यावर सांडला. तुम्ही डिसेंबरात लिहिलं होतं ते अक्षरशः खरं आहे, हे मी यासोबत मान्य करतो.

त्यानंतर मी पुस्तकाची ती बारा जोडलेली पानं कापली. कापायला हाताशी वडिलांची सुरी होती, तीच. नवव्या पानावर, खालून सहाव्या ओळीत लिहिलंय की अमेरिकेत बँजो पूर्वी खालच्या पट्टीत लावत असत. पुढे तो चढवला, पण लिहायची रीत जुनीच राहिली. म्हणून तिकडचं संगीत इकडच्यापेक्षा दोन जागा खाली लिहिलेलं असतं. तारा त्याच, पडदे तेच, कागदावरची जागा तेवढी वेगळी. ‘नवशिक्याने याची विशेष नोंद घ्यावी,’ असंही आहे. नवशिक्याने दोन वर्षं घेतली नाही.

एवढ्यावर मी थांबलो असतो तरी पुरे होतं. पण मग बोटांचे आकडे पाहिले.

एक, दोन, चार. आता ते सगळे जुळत होते. जिथे कोणताही वाजवणारा तिसरं, म्हणजे करंगळीशेजारचं, बोट टाकेल, तिथे त्याने चार लिहिलंय, म्हणजे करंगळी. जिथे करंगळी पोचणार नाही, तिथे त्याने सूरच असा वळवलाय की मोकळी तार मिळते. आमचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, तेव्हा मी मोजलं. पूर्ण ठेक्यात सहाशे बेचाळीस स्वर आहेत. तिसरं बोट लागतं असे स्वर: शून्य. शनिवारी परत मोजले. शून्य. ऑर्मरॉड यांना काही न सांगता त्यांच्याकडून मोजून घेतले. ते म्हणाले, “एनॉक, हे कोणी लिहिलंय? याला तिसरं बोट नव्हतं का?”

मी म्हणालो, “त्याला होतं.”

दुकानात तेव्हा गिरणीतली मिसेस बूथ एक क्लॉग काढून पट्टा ठोकून घ्यायला बसली होती. म्हणाली, “डोळ्यात भुसा गेला का रे?” मी म्हणालो, हो. तिने बघितलं की मी आज लाकूड तासतच नाहीये, आणि दुसराही क्लॉग काढून समोर ठेवला. त्याचा पट्टा धड होता, म्हणून नोंदवतो.

तो लोकांसमोर माझं बोट काढून दाखवत नव्हता. तो माझा हात लावून बघत होता, वाजवता येतं का ते. आणि मी त्यावर अकरा वेळा लाल शाई ओतली. ती शाई मी धारदार पात्याने खरवडून काढतो आहे. दहा खुणा निघाल्या. उरलेली एक, तिसऱ्या घरातली, ठेवणार आहे. मीही मोजण्यात चुकतो, याचा कुठे तरी पुरावा असावा.

ऑर्मरॉड यांनी आपलं नाव कार्यक्रमातून काढलंच नव्हतं. म्हणाले, “तू फेब्रुवारीत दरवर्षी काही ना काही रद्द करतोस.”

तुमचे फोड बरे झाले का? बँजो आणावा. ही विनंती आहे.

एनॉक

*

फिलाडेल्फिया,
२० एप्रिल १९०५

प्रिय एनॉक,

तुमचं पत्र मी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग शेजारणीला वाचून दाखवलं. ती विचारते, तुमच्या सासरी सगळेच स्वर मोजतात का.

आता माझ्याकडचा उरलेला तुकडा घ्या. आमच्या लग्नानंतरचा दुसरा हिवाळा. जेबेझ कारखान्यातून आला की डाव्या हाताच्या बोटाला लाकडी चमच्याची दांडी बांधून बसायचा. तेच बोट. मी विचारलं तर म्हणाला, मुरगळलंय. नोव्हेंबर ते मार्च! मी त्याला किती बोल लावले: “मुरगळलेलं बोट पाच महिने बरं होत नाही, आणि मुरगळलेल्या बोटाने कोणी रोज बँजो वाजवत नाही, आणि माझा चमचा कुठाय?” तो हसायचा आणि लिहीत बसायचा. एकदा म्हणाला, “दांडी काढली की बोट चोरून मदतीला येतं गं. कळतच नाही कधी आलं ते.”

चौदा वर्षांनी चमच्याचा हिशेब लागला.

मग त्याने तो पाठवला का नाही, असं तुम्ही विचाराल. मला वाटतं, त्याला भीती होती की तुम्ही चुका काढाल.

रागावू नका. मी हसत लिहिते आहे, आणि मला खात्री आहे की तोही हसला असता. मी आता खरंच रोज वाजवते. हे खोटं नाही, खालच्या मजल्यावरची म्हातारी साक्षीला आहे, तिने दोनदा झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. पण एकटीने दुसरा बँजो वाजवणं म्हणजे फक्त “हो, हो, बरोबर” म्हणत राहणं. बोलणारं कोणी तरी हवं.

माझी बोट ७ जूनला लिव्हरपूलला लागेल. एक रात्र तिथे राहीन आणि गुरुवारच्या दुपारच्या गाडीने येईन. टॅबिथाबाईंना सांगा, मला ओटच्या भाकऱ्या शिकायच्यात.

कॉर्नेलिया

*

टॉडमॉर्डन,
५ जून १९०५
(लिव्हरपूल, बोट कंपनीच्या कचेरीत, उतरल्यावर देण्यासाठी)

प्रिय कॉर्नेलिया,

गाडीत नदीच्या बाजूला बसावं. बँजोची पेटी खिडकीजवळ ठेवू नये, ऊन लागून कातडं ताणेल आणि इथे आल्यावर ओलीने सुटेल. माझ्याकडे भट्टीसमोर दोघांना पुरेल एवढी जागा मोजून ठेवली आहे.

ठेका बसला आहे. या वेळी ‘जवळजवळ’ नाही. काल मिसेस बूथ आणि तिच्या खात्यातल्या चार बाया दुकानाच्या दाराशी थांबून पूर्ण ऐकून गेल्या. विसाव्या घराच्या सुमारास त्यांचे क्लॉग आपोआप फरशीवर पडायला लागले. मिसेस बूथ म्हणाली, “अगं बाई, हे तर आपणच!” मग मला म्हणाली, “आणि ते बोट काय असं पाहुण्यासारखं बाजूला बसवलंयस?”

मी तीस वर्षं हे बोट लोकांसमोर मुठीत लपवायचा प्रयत्न केला आहे. ते वाकत नाही, त्यामुळे लपतही नाही. मी तिला सांगितलं, “हे टॉडमॉर्डनचं वळण आहे.”

सोमवारी चहाला दोनशे माणसं असतील. तुम्ही माझ्या डावीकडे बसाल, तेव्हा ते बोट तुमच्या अगदी समोर येईल. तुम्हाला हसू येईल. ते दाबू नका. तुम्ही जेबेझच्या शेजारी बसून जशा हसायच्या तशा हसा. मी ठेका सोडणार नाही.

तुमचा,
एनॉक

ता. क. टॅबिथाने तुमच्यासाठी एक लाकडी चमचा घेऊन ठेवला आहे.